धारणीत अक्षरे किती?

मेळघाटातल्या ‘धारणी’ या गावाच्या नावात अक्षरे किती? पहिलीतले पोरही बोटांवर मोजून तीन सांगेल. कॉमन लिस्प भाषेतला प्रोग्राम सहसा पाच सांगतो. तो ध, काना, र, ण आणि वेलांटी वेगवेगळे मोजतो. सी भाषेच्या लायब्ररीतले ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन मात्र १५ म्हणते. त्याला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. आणि युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर घटकाला ३ बाइट लागतात.

लिस्पची आखणी जॉन मॅकार्थी यांनी १९५८मध्ये सुरू केली. सी ही डेनिस रिची यांची, बेल लॅब्समध्ये १९७२च्या सुमारास आकाराला आलेली भाषा. चित्रे, ध्वनी, डेटाबेस यांची कितीतरी कामे सीमध्ये आधीच लिहून तयार आहेत. ती पुन्हा लिहिण्यापेक्षा लिस्पने सीलाच हाक मारावी, यासाठी ‘फॉरिन फंक्शन इंटरफेस’ असतो.

हा दुभाषा आहे. धारणी तालुक्यात त्याचे काम समजावून सांगावे लागत नाही. इथली कोरकू भाषा मुंडा कुळातली, मराठी इंडो-आर्य कुळातली; नुसता शब्दाला शब्द ठेवून भागत नाही.

लिस्पमध्ये प्रत्येक मूल्य आपला प्रकार सोबत बाळगते आणि वापरून झालेली मेमरी भाषाच आवरते. सीमध्ये मजकूर म्हणजे बाइटांची रांग. शून्य आले की ती संपली. त्यामुळे ‘सीएफएफआय’ ही लिस्पची लायब्ररी वापरताना प्रोग्रामरला आधीच सांगावे लागते : फंक्शन कोणते, आत काय जाणार, परत काय येणार. मग ही लायब्ररी ‘धारणी’ची प्रत सीच्या मेमरीत उतरवते, शेवटी शून्य ठेवते, स्ट्रलेनचे १५ हे उत्तर लिस्पकडे आणते आणि ती प्रत मोकळी करते. प्रकार चुकीचा सांगितला, तर सी अडवत नाही. भलताच आकडा येतो, नाहीतर प्रोग्राम कोसळतो.

लिस्प आणि सीची जोडी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्येही दिसते : त्याचा गाभा सीमध्ये आणि वरचा मोठा भाग लिस्पमध्ये आहे. त्यात ‘सिपना’ हे मेळघाटातल्या नदीचे नाव लिहिले, तर मेमरीत आधी ‘स’ आणि नंतर वेलांटी असते; पडद्यावर मात्र वेलांटी आधी हवी. कोणते घटक एकत्र घ्यायचे, याचे नियम लिस्पमध्ये आहेत. ते घटक सीच्या गाभ्यातून ‘हार्फबझ’ या लायब्ररीकडे जातात आणि तिथून नीट मांडणी परत येते. २०२०च्या ईमॅक्स २७पासून हार्फबझची ही सोय आहे. कोरकूही देवनागरीत लिहिली जाते. तिची वेलांटीही याच वाटेने जागेवर बसते.