धावत्या लोकलमधले चेहरे
आता चेहरा सुरू कुठून करायचा, ते पाहू. पुणे-लोणावळा लोकल कासारवाडी सोडते, मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. दोन स्थानकांमध्ये जेमतेम चार-पाच मिनिटं. समोरचा कधी उतरेल, नेम नाही. म्हणून आम्ही आधी डोळ्या-नाकाच्या मागे लागत नाही. मान खांद्यात कशी बसलीये, डोकं कुठे कललंय, तेवढं दोन-तीन रेषांत घ्यायचं. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवखे ते हमखास वर काढतात आणि कपाळच उरत नाही.

चाकणला रेल्वे नाही. तिथली माणसं भेटतात बसमध्ये. चाकण, मोशी, भोसरी, नाशिक फाटा. रात्रपाळी करून निघालेला माणूस बसल्याबसल्या झोपतो. जबडा सैल पडतो, हनुवटी छातीकडे येते, चेहरा असतो त्यापेक्षा लांब दिसतो. हलत नाही, म्हणजे चित्रकाराची चंगळच! पण झोपलेल्याला विचारायचं कसं? म्हणून गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव, शर्टावरचं कंपनीचं चिन्ह आम्ही वहीत घेत नाही. जाग आली की वही त्याच्यापुढे धरायची. ‘नको’ म्हणाला, तर पान फाडून त्याच्याच हातात द्यायचं, कितीही छान जमलेलं असो.

कुणी विचारतं, “दादा, मी एवढा दमलेला दिसतो का?” अशा वेळी शेजारच्या पानावर त्याचा जागेपणीचा चेहरा काढायला घ्यावा. भोसरीपर्यंत वेळ असतो.