जपानहून घरच्यांसाठी काय आणायचं? कमी पैशांत घेता येतील अशा वस्तू आणि त्या घेताना होणाऱ्या चुका

जपानचं तिकीट काढल्याची बातमी फॅमिली ग्रुपवर पडली, की अभिनंदनाच्या पाठोपाठ एक मेसेज ठरलेला असतो, "येताना आमच्यासाठी काय आणणार?" आईबाबा, सासूसासरे, आत्या, मावशी, भाचरं, शेजारच्या काकू... यादी बघता बघता पंधरा-वीस जणांवर जाते. खरेदी मात्र शेवटच्या दिवशी, घाईघाईत एअरपोर्टवर होते. मग घरी आल्यावर शाकाहारी आत्या खाऊचा बॉक्स उलटसुलट करून विचारते, "अरे, यात काही अंडं-बिंडं नाही ना?" आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

थोडी तयारी असेल तर बहुतेकांसाठी माणशी शंभर ते पाचशे रुपयांत छान वस्तू मिळतात. कशा, ते पाहूया.

जपानी लोक स्वतः काय आणतात?

गावाहून येताना काहीतरी आणायची पद्धत जपानमध्ये आपल्यापेक्षाही कडक आहे. तिला ‘ओमियागे’ म्हणतात. वस्तू महाग असावी अशी अपेक्षा नसते. ती त्या गावची खासियत असावी आणि सगळ्यांत वाटता यावी, एवढंच. म्हणूनच तिथल्या रेल्वे स्टेशनांवर मिठाईचे असे बॉक्स मिळतात, ज्यात प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला असतो. ऑफिससाठी असा एक बॉक्स पुरतो.

आधी पैशांचा हिशेब

एक येन म्हणजे साधारण ५५ ते ६० पैसे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा दर मात्र बघून घ्या.

सर्वात स्वस्त खरेदी होते ती १०० येनच्या दुकानांत. दायसो, सेरिया आणि कॅन डू ही त्यातली मोठी नावं. १०० येनवर १० टक्के कर लागून वस्तू ११० येनला, म्हणजे साठ-पासष्ट रुपयांना पडते. दायसोमध्ये २००, ३०० आणि ५०० येनच्या वस्तूही असतात, त्यामुळे लेबल बघूनच टोपलीत टाका. इथला बराच माल चीनमधून येतो. तेव्हा ‘मेड इन जपान’ लिहिलंय का, तेही तपासा.

परदेशी पर्यटकांना करसवलत मिळते. त्यासाठी सवलत देणाऱ्या एकाच दुकानात, एकाच दिवशी, कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी हवी आणि पासपोर्ट सोबत हवा. पण १ नोव्हेंबर २०२६पासून पद्धत बदलतेय. तेव्हापासून दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना तो परत घ्यायचा.

आजी-आजोबांसाठी खाऊ

पहिली निवड कोन्पेइतो. या रंगीत, काटेरी साखरगोळ्या बघून तुम्हाला लगेच संक्रांतीचा हलवा आठवेल. करण्याची रीतही तशीच आहे. गरम कढईत बारीक दाणे फिरवत त्यावर थोडा थोडा पाक चढवायचा. ही मिठाई सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानमध्ये नेली. ती मुख्यतः साखरेची असते, वजनाला हलकी असते आणि लवकर खराब होत नाही.

दुसरी निवड योकान. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण आणि कांतेन यांची ही वडी. कांतेन म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. त्यामुळे यात जिलेटिन लागत नाही. सुपरमार्केटमध्ये छोट्या पॅकबंद वड्या मिळतात.

चहाप्रेमींसाठी गेनमाइचा घ्या. ग्रीन टीमध्ये भाजलेला तांदूळ घातल्यामुळे त्याला खमंग वास येतो.

लेबलवर हिरवा ठिपका नसतो!

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडच्या पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, जपानमध्ये तशी खूण नसते. च्युई गोळ्या आणि मार्शमेलोमध्ये बहुधा जिलेटिन असतं. इन्स्टंट रामेनमध्ये डुक्कर किंवा कोंबडीचा अर्क असू शकतो. साधे दिसणारे चिप्स आणि तांदळाचे कुरकुरीत सेनबेईही सुटत नाहीत, त्यातही मांसाचा किंवा सुकवलेल्या माशाचा अर्क सापडतो.

पाकिटावर अ‍ॅलर्जीची चौकट असते, पण तेवढ्यावर विसंबू नका. अंडं, दूध, गहू, कोळंबी अशांची नोंद सक्तीची आहे. डुक्कर, गोमांस, कोंबडी आणि जिलेटिनची नोंद मात्र फक्त शिफारशीपुरती आहे. म्हणून मोबाइलच्या भाषांतर अ‍ॅपचा कॅमेरा घटकांच्या पूर्ण यादीवर धरा. शंका आली तर ते पाकीट शाकाहारी माणसासाठी घेऊ नका.

तारीखही नीट वाचा. जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. २७.०३.१० म्हणजे १० मार्च २०२७. ताज्या मिठाया काही दिवसच टिकतात, त्या परतीच्या दिवशीच घ्या.

भाचरं, आई, बाबा: कोणाला काय?

शाळेतली मुलं: जपानी पेनं. पायलटच्या फ्रिक्शन पेनाची शाई घासल्यावर उष्णतेने दिसेनाशी होते. मुलांना ही जादू आवडते. फक्त परीक्षेचा पेपर, चेक किंवा अर्ज यासाठी तो वापरू नका, असं बजावून द्या. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या वहीतली अक्षरंही उडू शकतात.

परीक्षेला बसणारे: देवळात मिळणारं ‘ओमामोरी’, म्हणजे कापडी पिशवीतला ताईत. अभ्यास, प्रवास, सुखरूप बाळंतपण यासाठी वेगवेगळे मिळतात. साधारण ५०० ते १,००० येन. तो उघडून बघायचा नसतो, हेही सांगा.

बाबा, काका: तेनुगुई. सुमारे ३५ बाय ९० सेंटिमीटरचा पातळ सुती कपडा, म्हणजे आपला पंचाच, पण सुंदर नक्षीचा. कडा शिवलेल्या नसतात, सुरुवातीला थोडे दोरे निघतात. तो दोष नव्हे, पद्धतच तशी आहे.

आई, मावशी: औषधांच्या दुकानात मिळणारे, डोळ्यांना वाफेचा शेक देणारे मास्क. गुडघेदुखीच्या पट्ट्याही तिथेच मिळतात. मात्र रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर पट्टी लावण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

हे टाळा

विजेवर चालणारी उपकरणं मोहात पाडतात. पण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तिथल्यासाठीच बनवलेला राइस कुकर इथे थेट लावला तर जळेल. स्वयंपाकघरातली सुरी घेतली तर ती चेक-इन बॅगेतच ठेवा. सॉससारख्या द्रव वस्तू १०० मिलीहून जास्त असतील तर त्याही तिथेच.

शेवटचं एक काम घरूनच करा. निघण्याआधी नावांची यादी करा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: तो काय खात नाही आणि रोज काय वापरतो. ही यादी खिशात असली की, आत्याने बॉक्स उलटून बघायच्या आधीच तुम्ही सांगू शकाल, "आत्या, नीट वाचून आणलंय. खा बिनधास्त!"