मांजरीच्या शेपटीखालचे ‘तांदूळ’

जानमाजवर किंवा मांजरीच्या गोधडीवर तांदळाच्या दाण्यासारखे काही वळवळले की घरातले मोठे म्हणतात, “बाहेर सोडा तिला!” थांबा. हे पट्टकृमीचे तुकडे. जागा धुऊन पाक करा, मांजर घरातच राहू द्या. अंग चाटताना ती पिसू गिळते, त्यातून हा जंत येतो. उंदरातून येणारी जात वेगळी. प्राझिक्वांटेलची गोळी पशुवैद्याकडून, वजनानुसार घ्या. पण पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत जंत पुन्हा हजर, म्हणून गोधड्या गरम पाण्याने धुवा. माणसाला तो क्वचितच होतो, तोही पिसू गिळली तरच. रांगत्या बाळाकडे लक्ष असू द्या. कुत्र्याचे पिसवांचे औषध मात्र मांजरीला लावू नका, त्यात पर्मेथ्रिन असेल तर तिच्या जिवावर बेतते.