मंदीतील सरकारी मदत आणि संचालकांचे दायित्व : बुलढाणा जिल्ह्यातील सहकारी बँकांच्या संदर्भात

प्रस्तावना

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन वित्तसंस्था दिवाळखोरीत निघाली आणि जागतिक मंदीला तोंड फुटले. त्याच आठवड्यात एआयजी या विमा कंपनीला वाचविण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले. पुढील महिन्यात तेथील संसदेने वित्तसंस्थांच्या साहाय्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. मार्च २००९ मध्ये मात्र याच एआयजीने आपल्या अधिकाऱ्यांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिल्याचे उघडकीस आले व करदात्यांत संतापाची लाट उसळली. तोटा भरून देणारा दुसरा कोणी आहे याची खात्री असली की धोका पत्करणाऱ्याची सावधगिरी सुटते, या प्रवृत्तीला अर्थशास्त्रात 'नैतिक जोखीम' असे म्हणतात.

हा प्रश्न केवळ वॉल स्ट्रीटचा आहे असे समजण्याचे कारण नाही. बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तो सहकारी बँकांच्या रूपाने उभा राहिला आणि येथे त्याचे स्वरूप काहीसे अधिक गुंतागुंतीचे आहे.

बुडणाऱ्या बँकेचा मालक कोण?

कंपनीत भागधारक हा मालक असतो व कंपनी बुडाली तर पहिला फटका त्यालाच बसतो. लेहमनच्या भागधारकांचे भाग कवडीमोल झाले. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची रचना वेगळी आहे. शिखर स्तरावर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा बँक आणि गावपातळीवर सेवा सहकारी सोसायटी अशी ही त्रिस्तरीय व्यवस्था होय. शेतकरी पीककर्ज घेतो तेव्हा कर्जाच्या प्रमाणात काही रक्कम भागभांडवल म्हणून सोसायटीत ठेवावी लागते, आणि सोसायटी तशीच रक्कम जिल्हा बँकेत गुंतविते. म्हणजे कर्जदार शेतकरीच कागदोपत्री बँकेचा मालक ठरतो. प्रत्यक्षात साखर कारखाना, सूतगिरणी किंवा प्रक्रिया संस्था यांना मोठी कर्जे द्यावीत की नाही, हा निर्णय संचालक मंडळ घेते. त्यात या मालकाचा आवाज फारसा पोहोचत नाही. संचालकाचा स्वतःचा भाग नाममात्र असतो. निर्णय एकाचा व नुकसान दुसऱ्याचे ही फारकत येथे कंपनीपेक्षाही खोल आहे. हा दोष कोणा एका संचालक मंडळाचा नसून रचनेचा आहे.

परवाना, मनाई आणि पुनरुज्जीवन

बँकिंग नियमन कायदा १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना लागू झाला. परंतु त्या वेळी अस्तित्वात असलेल्या बँकांना परवाना नाकारला जाईपर्यंत काम करण्याची मुभा राहिली आणि देशातील अनेक जिल्हा बँका चार दशके परवान्याविनाच चालल्या. २००९ मध्ये राकेश मोहन समितीने ही स्थिती २०१२ पर्यंत संपविण्याची शिफारस केली. त्यानुसार ३१ मार्च २०१२ पर्यंत किमान ४ टक्के भांडवल पर्याप्तता गाठणे आवश्यक ठरले. बुलढाणा, वर्धा व नागपूर या जिल्हा बँकांना ते साधले नाही. २०१२ मध्ये त्यांना परवाना नाकारण्यात येऊन नवीन ठेवी स्वीकारण्यास मनाई झाली.

या मनाईचा अर्थ जिल्ह्याबाहेरच्या वाचकास चटकन उमगणार नाही. ठेवी थांबल्या की कर्जवाटप आटते, आणि पेरणीच्या तोंडावर सोसायटीच्या दारात गेलेल्या शेतकऱ्यास राष्ट्रीयीकृत बँकेकडे नव्याने खाते, कागदपत्रे व पत यांसह उभे राहावे लागते. जो कर्जे फेडत आला तोही या चरकातून सुटत नाही.

अखेर ५ नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चार राज्यांतील २३ विनापरवाना जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील वरील तीन बँका होत्या. एकूण २,३७५.४२ कोटी रुपयांपैकी केंद्राचा वाटा ६७३.२९ कोटी, राज्यांचा १,४६४.५९ कोटी आणि नाबार्डचा २३७.५४ कोटी होता. म्हणजे जवळपास ६२ टक्के भार राज्यांच्या तिजोरीवर पडला. ठेवींत वाढ आणि थकीत कर्जांत घट अशी उद्दिष्टेही बँकांना घालून देण्यात आली.

ही मदत देणे चुकीचे होते काय? तसे म्हणता येत नाही. अमेरिकेत 'बुडू देता येणार नाही इतकी मोठी' हा निकष लावला गेला. बुलढाण्याची बँक त्या अर्थाने मोठी नव्हतीच. मात्र गावोगावच्या सोसायट्यांचे जाळे दुसऱ्या कोणत्याही बँकेपाशी नव्हते. पर्याय नसणे हेच येथे मदतीचे खरे समर्थन होय.

शेतकऱ्याच्या नावावर, बँकेच्या खात्यात

कर्जमाफी हीदेखील एका परीने बँकेचीच सोडवणूक असते, ही बाब चर्चेत सहसा निसटते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज घोषित केले. त्यात बुलढाणा होता. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली. लाभार्थी म्हणून शेतकऱ्याचे नाव असले तरी रक्कम बँकेच्या खात्यात जमा झाली व तिची थकबाकी उतरली. त्यातही दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास संपूर्ण माफी व त्यावरील शेतकऱ्यास, उर्वरित रक्कम भरल्यास, केवळ २५ टक्के सवलत हा निकष पश्चिम विदर्भास गैरसोयीचा होता. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यातील चार हेक्टरांचे उत्पन्न बागायती एका हेक्टराइतकेही नसते. शिवाय संस्थात्मक मोठी थकबाकी या योजनांच्या कक्षेबाहेर होती, ती तशीच राहिली.

जबाबदारी निश्चितीची वाट

मदत मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने मंजूर होऊ शकते. दायित्व मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलमांतून मुंगीच्या पावलांनी चालते. कलम ८३ खाली चौकशी, मग कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणे, त्यावर अपील किंवा पुनरीक्षण, आणि पुढे न्यायालय. अपील व पुनरीक्षणाच्या वाटेवर प्रकरण अनेकदा शासनाच्याच सहकार विभागापुढे येते. जे शासन पैसा देते तेच स्थगितीही देऊ शकते, ही विसंगती डोळ्यांत भरण्याजोगी आहे. २०१६ मध्ये बरखास्त बँकांच्या संचालकांना दहा वर्षे निवडणुकीपासून दूर ठेवण्याचे पाऊल शासनाने उचलले. ते स्वागतार्हच होते. परंतु अपात्रतेने पद जाते, पैसा परत येत नाही.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण वेगळा मार्ग दाखविते. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले व ठेवीदारास १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा राहिली. जुलै २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. येथे बँकेला वाचविण्यात आले नाही. ठेवीदाराला वाचविण्याची जबाबदारी ठेव विम्याकडे गेली. २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख रुपये असून त्याचा हप्ता सर्व बँका मिळून भरतात, म्हणून प्रत्यक्ष बोजा तिजोरीवर येत नाही. बँकेने सादर केलेल्या माहितीनुसार ९७.६० टक्के ठेवीदार आपली संपूर्ण ठेव विम्यातून मिळण्यास पात्र होते. उरलेल्या २.४० टक्क्यांना पाच लाखांवरील रकमेसाठी अवसायकाच्या वसुलीवर, म्हणजे पुन्हा थकबाकीदार कर्जदारांवर आणि कलम ८८ च्या त्याच वाटेवर, अवलंबून राहणे भाग आहे.