अलिबागची चुंबकीय वेधशाळा : एका वास्तूची कारणमीमांसा

वास्तूंच्या इतिहासात शैली, अलंकरण व आश्रयदाते यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. परंतु शास्त्रीय संस्थांच्या इमारतींची घडण पुष्कळदा त्यांत ठेवावयाच्या उपकरणांनीच ठरविलेली असते. रायगड किनाऱ्यावरील अलिबागची चुंबकीय वेधशाळा हे याचे ठळक उदाहरण होय.

या वेधशाळेचे मूळ मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली व १८४१ पासून तेथे भूचुंबकत्वाचे नियमित वेध घेण्यास आरंभ झाला. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही येथे झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागले. रुळांवाटे जमिनीत झिरपणारा विद्युत्प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल व शहरातील रहदारी यांत भेद करणे अशक्य झाले असते.

वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेसाठी अलिबागची निवड केली. हे स्थळ मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, म्हणजे ट्रामच्या उपद्रवापासून दूर, परंतु जुन्या वेधांशी तुलना करता येईल इतके जवळ होते. १९०४ मध्ये इमारती उभ्या राहिल्या. कोकणात काळा पाषाण व जांभा विपुल. पण पहिल्यात चुंबकीय खनिजे असतात, तर दुसऱ्यात लोहांश भरपूर असतो. म्हणून सौराष्ट्रातील पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरण्यात आला. तापमानातील चढउताराचा उपकरणांवर परिणाम होतो. यास्तव आतील तापमान शक्य तितके स्थिर राहील, अशी रचना करण्यात आली.

केवळ स्थलांतराने प्रश्न सुटणारा नव्हता. दोन स्थळांच्या मापनांत अंतर पडणारच. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर वेध घेण्यात आले व त्यानंतरच कुलाब्याचे चुंबकीय कार्य थांबविण्यात आले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा वेधमाला अखंड राहिली होती. पुढे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे हा वारसा आला.

शतकाहून अधिक काळाची ही वेधमाला दीर्घकालीन बदलांच्या अभ्यासास आधारभूत ठरली आहे. तिची विश्वसनीयता जितकी उपकरणांवर, तितकीच भोवतालच्या परिसराच्या चुंबकीय शुद्धतेवर अवलंबून असते. म्हणूनच अशा वास्तूचे जतन म्हणजे केवळ भिंतींचे जतन नव्हे; भोवतालची निर्बाध जागा हाही तिचाच एक भाग मानला पाहिजे.