बोरी-बाभळींनी ऐकलेलं रामायण

वनात सोडलेल्या सीतेचं रडणं कुणी ऐकलं? जात्यावरच्या ओव्या हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि उत्तरही देतात. ते ऐकलं बोरींनी आणि बाभळींनी. त्या बायका होऊन पुढं येतात, सीतेजवळ बसतात, तिची समजूत काढतात. अयोध्येतलं कुणी येत नाही, जनकाच्या घरचंही कुणी येत नाही. मावळापासून मराठवाड्यापर्यंत बायकांनी हे गायलं आहे, एकट्या माणदेशाचं ते नव्हे. पण माणदेशातल्या, सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या माळावर उभं राहिलं की यात कविकल्पना अशी काही उरत नाही. हा पर्जन्यछायेतला मुलूख. माणगंगेला पाणी असलं तर असलं. उन्हात सावली बाभळीची, तोंडात टाकायला बोरं, मेंढरांना पाला यांचाच. रानात खुरपायला आलेल्या बाईला तान्ह्याची झोळी बांधायची झाली, तर फांदी मिळायची ती याच झाडांची.

सीतेच्या या ओव्या बहुतेक वेळा भक्तीच्या खात्यात टाकल्या जातात. मला त्या लेकीच्या वाढण्याच्या आणि जन्माने मिळालेल्या सुखाच्या ओव्या वाटतात. राजाच्या वाड्यात वाढलेली मुलगी. शिवधनुष्याचा घोडा करून अंगणभर खेळलेली, असं लोककथा सांगते. मोठ्यामोठ्या राजांना जे उचललं नाही, ते हिच्या खेळातलं. एवढ्या लाडात आणि एवढ्या बळाने वाढलेली लेक सासरी जाते आणि दिवस भरत आले असताना घराबाहेर काढली जाते. तिचे मुलगे जन्माने राजपुत्र, पण त्यांच्या वाट्याला पाळणासुद्धा नाही. ही गोष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, त्यांनी तिला काय उत्तर दिलं, हे शोधायचं तर आटपाडीइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

त्याचं कारण औंध संस्थान. आटपाडी आणि माडगुळं ही गावं या संस्थानातली. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक होते. त्यांनी आपल्या हाताने रामायणाची चित्रं काढली आणि 1916 मध्ये ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलं. पुढं याच संस्थानातल्या एका कारकुनाच्या मुलाने ‘गीतरामायण’ लिहिलं. आणि या दोघांच्याही आधीपासून, पहाटे जात्याशी बसून, नाव न लावता, बायका आपलं रामायण गातच होत्या. एका लहानशा संस्थानात राजाचं, कवीचं आणि दळणाऱ्या बायकांचं अशी तीन रामायणं नांदली. तिन्हींचे श्रोते निराळे.

गजानन दिगंबर माडगूळकर 1 ऑक्टोबर 1919 रोजी आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे या आजोळगावी जन्मले. जन्मल्यावर मूल रडलं नाही, गेलंच असं समजून पुरायची तयारी झाली आणि कुणीतरी बेंबीपाशी विस्तव नेल्यावर त्याने टाहो फोडला, ही हकीकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. घरी गरिबी होती. आई बनुताईंच्या तोंडी ओव्या होत्या. हा मुलगा पुढं पुणे आकाशवाणीसाठी वर्षभर, आठवड्याला एक गीत, अशी 56 गीतं लिहितो आणि सुधीर फडके त्यांना चाली लावतात. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पहिलं गीत प्रसारित झालं. तेव्हा घरोघरी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावून हात जोडून बसत. श्रोत्यांनी यंत्राला देव्हाऱ्याचा मान दिला, असं मराठीत त्याआधी घडलं नसावं.

पण माडगूळकरांनी श्रोता काव्याच्या आतच बसवला आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. गीतरामायण गातात ते कुश आणि लव, आणि समोर बसून ऐकतो तो राम. आश्रमात वाढलेली पोरं राजसभेत येऊन बापाला बापाचीच गोष्ट ऐकवतात. ज्यांना वाड्यातलं बालपण नाकारलं गेलं, त्यांच्या तोंडून वाड्याच्या मालकाने आपलं चरित्र ऐकायचं. वाल्मीकींचीच ही योजना आहे, हे खरं. तरीही शेटफळ्यात जन्मलेल्या आणि माडगुळ्यात वाढलेल्या कवीने सगळ्या गीतांची उभारणी त्या एका प्रसंगावर करावी, हे मला मोलाचं वाटतं.

ओवीत राजा ऐकत नाही. तिथे ऐकतात झाडं, ऐकते शेजारची दळणारीण. आणि हे ऐकणं नुसतं कान देणं नसतं. जात्याला दोघी बसल्या की खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीने वैरण घालायची, एकीने ओवी टाकायची, दुसरीने ती उचलायची. उचलताना ती आपल्याकडचं काही घालते: भावाचं नाव, गावाचं नाव, एखादी आठवण. ऐकणारीचा अभिप्राय म्हणजे पुढची ओवी. सीतेच्या कथेत बायकांनी काय बदललं, ते पाहिलं की हा अभिप्राय हाती लागतो.

पहिला बदल फार धीट आहे. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीतेचा त्याग होतो तो लोकापवादामुळे. नगरीतले लोक बोलतात, राजा ऐकतो. ओव्यांमध्ये दोष येतो कैकेयीवर. ती सीतेला रावणाविषयी विचारते. सीतेने त्याचा फक्त पायाचा अंगठा पाहिलेला, तेवढाच ती भिंतीवर काढून दाखवते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला नेऊन दाखवते. म्हणजे राज्यकारभारातला पेच घरात आला आणि त्याचा सासुरवास झाला. ऐकणाऱ्या बायकांना प्रजेचं मत वगैरे माहीत नव्हतं; सासूने भरवलेले कान मात्र चांगले माहीत होते. सासूच्या वाट्याला इतका राग येतो आणि कान भरवून घेणाऱ्या नवऱ्याच्या वाट्याला कमी, हेही ओव्यांचं वास्तव आहे. ते झाकून या गाण्यांना सरसकट बंडखोर म्हणणं मला पटत नाही.

हे चित्र एकट्या मराठी बायकांनी काढलेलं नाही. सोळाव्या शतकात मैमनसिंहच्या चंद्रावतीने बंगालीत रामायण रचलं, त्यात कैकेयीची मुलगी कुकुया सीतेकडून रावण काढून घेते. तेलुगू बायकांच्या गाण्यांतही रावणाचं चित्र आहे. वेल्चेरु नारायण राव यांनी त्या गाण्यांचा अभ्यास करताना ब्राह्मण घरांतल्या बायकांची गाणी आणि इतर जातींतल्या बायकांची गाणी शेजारी ठेवली, तेव्हा दोन्हींतला भर वेगवेगळ्या गोष्टींवर आहे असं त्यांना आढळलं.

दुसरा बदल मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतो. तो आहे सीतेच्या बाळंतपणाचा. ओव्या इथे रेंगाळतात. काय नाही, ते एकेक करून सांगतात: बाज नाही, उशाला दगड आहे, सुईण नाही, पाळणा नाही, पाळणा हलवायला घरचं माणूस नाही. आता घरच्या बाळंतपणाला काय लागायचं ते आठवून पाहावं. ऊन पाणी, शेगडी, धुरी, वेखंड, डिंक, हळीव, खारीक-खोबरं, बाळाला अंगडं-टोपडं, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्याला पाळणा. सीतेजवळ यातलं काही नाही, असं गाणाऱ्या बायकांपैकी किती जणींना हे सगळं मिळालं होतं? राजाच्या लेकीला काय मिळायला हवं होतं, हे सांगताना बाई आपल्याला काय मिळालं नाही ते सांगून टाकते. तेही कुणावर आरोप न करता; पलीकडच्या खोलीत सासू झोपलेली असते.

सीता राजकन्या आहे, म्हणूनच ही ओवी चालते. ती गरीब असती तर तिच्या हालांत सांगण्यासारखं काही उरलं नसतं. तसे हाल गल्लोगल्ली होते. एवढ्या वैभवात वाढलेल्या लेकीचंही माहेर तिच्या उपयोगी पडत नाही, या गोष्टीने ऐकणारीच्या मनाला एकाच वेळी आधारही दिला असेल आणि धक्काही.

पाळण्याचंच घ्या. बारशाला गायच्या पाळण्यांत सोन्याचा पाळणा आणि रेशमाची दोरी ठरलेली. जुन्या लुगड्याच्या झोळीपुढे उभं राहून बायकांनी सोन्याचे पाळणे गायले. याच विटा-आटपाडी पट्ट्यातले गलाई कारागीर पोटासाठी देशभर पांगले आणि गावोगावच्या सराफकट्ट्यांवर सोनं-चांदी गाळत बसले. इतरांचं सोनं शुद्ध करणाऱ्यांच्या घरात गाण्यातलं सोनं तेवढं आपलं होतं.

या ओव्या कागदावर उतरवणाऱ्यांनीही त्या आपापल्या कानांनी ऐकल्या. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये माय-लेकरांची माया आणि भावाबहिणींचं प्रेम ऐकलं. सांगली जिल्ह्यातल्याच बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून सण, विधी, माहेर यांचा अफाट ठेवा जमवला. त्यांच्या कानाला घरचा स्वर ओळखता येत होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करताना ओव्यांकडे बाईच्या स्वतःविषयीच्या बोलण्याच्या अंगाने पाहिलं. त्यांनी सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतल्या. ओवी कुणी गायली आणि कोणत्या गावात, याची नोंद तिथे आहे, आणि जुन्या संग्रहांच्या तुलनेत ही फार मोठी पुढची पायरी आहे. सांगलीत राहून आयुष्यभर लोकसाहित्याचा अभ्यास केलेल्या तारा भवाळकरांनी सीतेच्या कथांवरच्या आपल्या पुस्तकात वेदना आणि विद्रोह दोन्ही एकत्र धरले. 2025 मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्या बसल्या, तेव्हा जात्यावरच्या बायकांचा आवाज त्या व्यासपीठापर्यंत पोचला, असं मला मनापासून वाटलं.

मात्र ऐकणाऱ्यांची एक रांग अशीही होती, जिला हे रामायण आपलं म्हणायला मुभाच नव्हती. शंकरराव खरात 1921 मध्ये आटपाडीच्या महारवाड्यात जन्मले. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात त्यांनी विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग लिहिला आहे. गावाचं काम म्हणून त्यांच्या वडिलांना प्रेत काढण्यासाठी विहिरीत उतरावं लागलं. जीव धोक्यात घालायचा तो त्यांनी, आणि हुकूम सोडणारे काठावर. ते पाहिलेला मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. 1973 ला यवतमाळला ग. दि. माडगूळकर, 1983 ला अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर, 1984 ला जळगावला खरात: एका दुष्काळी तालुक्याने अकरा वर्षांत तीन संमेलनाध्यक्ष दिले, याचा आटपाडीकरांना अभिमान आहे आणि तो असावाच. पण माडगूळकरांच्या घरची गरिबी आणि खरातांच्या घरची गरिबी एक नव्हती. कारकुनाच्या मुलाला पोटभर मिळालं नसेल, देवळाचं दार मात्र उघडं होतं.

शेजारच्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींची जी स्थिती लिहिली आहे, ती वाचल्यावर सीतेच्या बाळंतपणाच्या ओव्या वेगळ्याच ऐकू येतात. अल्पवयात आलेलं बाळंतपण, पोटात अन्न नाही, जखमेला धड फडकं नाही. सीतेला वनात जे सोसावं लागलं, ते इथे गावात, माणसांत, दर घरी घडत होतं. वनवास कुणी दिला आणि का, याची कथा मात्र कुणी रचली नव्हती.

मग या बायकांनी दिलेलं उत्तर सर्वांत स्पष्ट ठरलं. त्यांनी नायकच बदलला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञेनंतर रामाची ओवी जात्यावर कशी बसणार? जातं तेच, चाल तीच, पाळण्याचा घाटही तोच. पाळण्यात आला तो सुभेदार रामजींचा भीम, आणि सीतेच्या जागी रमाई. राईरकर-पॉइटवाँ यांच्या संग्रहात बाबासाहेब आणि रमाई यांच्यावरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. रमाई राजाची लेक नव्हती. लहानपणीच आई-बाप गेले, पुढं पोटची मुलं गेली, नवरा परदेशी शिकत असताना तिने मुंबईत संसार ओढला. तिच्या ओव्यांत वैभवातून झालेली पडझड नाही. आधीच काही नव्हतं, त्यातून एक माणूस विद्वान झाला, याचा ताठा आहे. मला हा नकार सीतेच्या ओव्यांचा अवमान वाटत नाही. ऐकणारीने ओवी उचलताना आपलं नाव घालावं, हा जात्याचा रिवाजच होता. या बायकांनी तो शेवटपर्यंत नेला.

आता गिरणीने दळण नेलं, त्याला बराच काळ लोटला. हळदीच्या दिवशी जातं पुजलं जातं, घाणा भरला जातो, दोन-चार ओव्या होतात. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 पासून या भागातल्या लोकांचे आवाज ऐकवतं आहे, त्यामुळे गाणारीला पुन्हा कान मिळाले. पण रेडिओवर ओवी उचलणारी दुसरी बाई समोर नसते.

आटपाडी, खरसुंडी, दिघंची, निंबवडे या गावांत ज्यांना या ओव्या पाठ आहेत, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. महाविद्यालयातली मुलं प्रकल्पासाठी त्यांच्याकडे मोबाइल घेऊन जातात आणि गाणं टिपून आणतात, हे चांगलंच आहे. त्यांनी ओवी संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नये. म्हाताऱ्या आईला विचारावं, की तुमच्याबरोबर जात्याला कोण बसायचं, सीतेची ओवी आली की ती काय म्हणायची, कोणती ओवी तुम्ही घरात म्हणत नव्हता, तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं. शेजारी सून आणि नात बसली असेल तर त्यांनाही विचारावं, आणि त्यांची उत्तरं त्याच वहीत, ओवीच्या खालीच उतरवावीत.