काठ जुने, अंग नवं

आरटीओच्या आवारातल्या एजंटाकडे बाकी काही असो-नसो, शिसपेन्सिल हटकून असते. चॅसिसवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून वरून घासायची. करड्या पट्ट्यात आकडे पांढरे उमटतात. लहानपणी वहीच्या पानाखाली रुपयाचं नाणं ठेवून आपण जो उद्योग करायचो, तोच हा. याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. गाडी विकताना किंवा कर्जाचा बोजा उतरवताना तो कागद फाइलला लागला की गाडी ‘तीच’ असल्याचं सरकारदरबारी सिद्ध होतं. पाच वर्षांच्या मारुतीला एवढं पुरतं. साठ-सत्तर वर्षांच्या स्पोर्ट्स कारला मात्र ते अजिबात पुरत नाही.

अशा गाड्यांची आपल्याकडची एक जुनी वाट होसकोट्यावरून जायची. होसकोटे हे बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं गाव. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार, शिरे यांच्याबरोबर याचंही नाव येतं, म्हणून इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला ते ऐकून माहीत असतं. बंगळूरकरांना ते दोन गोष्टींसाठी माहीत आहे : व्होल्वोचा कारखाना आणि रविवारी उजाडायच्या आत मिळणारी दम बिर्याणी, जिच्यासाठी लोक झोपमोड करून रांगा लावतात. मोटारींच्या नादाला लागलेल्यांसाठी आणखी एक खूण सांगतो. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर असा येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ४ होसकोट्यावरूनच पुढे मद्रासला जायचा. आणि मद्रासच्या उत्तरेला शोलावरम होतं. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी १९५०च्या दशकापासून, १९९०मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक होईपर्यंत, देशातल्या मोटार शर्यतींची पंढरी होती. पुण्या-मुंबईहून तिकडे जायची वारीची वाट ही.

त्या काळातल्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार आपल्याकडे मोजक्याच राहिल्या, आणि राहिल्या त्यांपैकी ‘जशी कारखान्यातून निघाली तशी’ म्हणावी अशी सापडणं म्हणजे नशीबच. याचं कारण मालकांची हेळसांड नव्हे. १९५०च्या दशकापासून परदेशी गाड्यांची आणि सुट्या भागांची आयात सरकारनं आवळत नेली. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, तेवढाच काय तो पाझर. गॅस्केट फुटलं तर ते कापून करायचं, पिस्टन झिजला तर दुसऱ्या गाडीचा पिस्टन लेथवर उतरवून बसवायचा, आणि इंजिनानं मानच टाकली तर जे बसेल ते बसवायचं.

जे बसेल ते, यात एक गंमत आहे. एमजीए ही १९५५ साली ॲबिंग्डनमध्ये सुरू झालेली दोन आसनी गाडी. तिचं पहिलं इंजिन १,४८९ सीसीचं, बीएमसी कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. आपल्या अँबॅसिडरनं पुढे कित्येक वर्षं जे पेट्रोल इंजिन वागवलं, तेही त्याच घराण्यातलं आणि तेवढ्याच १,४८९ सीसीचं. एमजीएला जोडीनं एसयू कार्ब्युरेटर, वेगळं हेड आणि सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. अँबॅसिडरला एकच कार्ब्युरेटर आणि टॅक्सीचा स्वभाव. पण रक्त एक. त्यामुळे एखाद्या मिस्त्रीनं एमजीएत अँबॅसिडरचं इंजिन चढवलं असेल, तर लंडनचा लिलाववाला नाक मुरडेल. मला विचाराल तर ती चुलतभावाची किडनी आहे. ट्रायम्फ स्पिटफायरचंही तसंच. ती ट्रायम्फ हेराल्डच्या चॅसिसवरून आखलेली, आणि हेराल्ड मद्रासमध्ये १९६१पासून दहाएक वर्षं बनत होती. पुढच्या चाकांचे सांधे हेराल्डच्या भंगारातून मिळाले, की स्पिटफायर पुन्हा चालू.

हे भंगार बंगळूरमध्ये जिथे मिळतं त्याला लोक ‘गुजरी’ म्हणतात. शिवाजीनगरची गुजरी त्यासाठी प्रसिद्ध. कोल्हापूरकराला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतं, कारण त्याची गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. जुन्या गाडीवाल्याच्या लेखी दोन्हींत फारसा फरक नाही.

अशी गाडी समोर आली की ‘ही कोण?’ हे कसं शोधतात? सुरुवात कागदांपासून. एमजीचे कारखान्यातले नोंदवह्यांचे गठ्ठे इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे आहेत. चॅसिस नंबर कळवला की गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, इंजिन कोणत्या नंबराचं आणि कुठे रवाना झाली याचा दाखला मिळतो. सुरुवातीच्या एमजीएच्या नंबराआधीची अक्षरंसुद्धा बोलतात : पहिलं मेक, दुसरं बॉडीचा प्रकार, तिसरं चक्क रंग. जॅग्वार एक्सके १२०च्या इंजिन नंबराला शेवटी ७ किंवा ८ असा शेपटीसारखा आकडा असतो. तो दाबाचं प्रमाण सांगतो. हलक्या पेट्रोलवर चालायचं तर ७. म्हणजे गाडीच्या कुंडलीत तिच्या नशिबी कसलं पेट्रोल येणार, हेही लिहिलेलं.

मग पत्रा. इथे आरसी बुकाला काही किंमत नाही. हात, डोळा आणि लोहचुंबक. एमजीएचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. तिथे चुंबक चिकटला तर समजायचं, हा दरवाजा कुण्या डेंटरनं पोलादी पत्र्यातून ठोकून काढलाय. उलट जिथे पोलाद हवं तिथे चुंबक ढिला पडला, तर खाली पुट्टीचा थर. डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात ब्लेडनं रंग खरवडला की थर निघतात : वरचा लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरट आणि तळाला कारखान्याचा. लुकासच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. १९५६च्या गाडीवर १९५६चा डायनॅमो दिसला की माणूस सुखावतो. १९६३चा दिसला तर एक प्रश्न वाढतो. वेल्डिंगवरूनही देश कळतो. कारखान्यातले टाके ठरावीक अंतरावरचे, गोल; आपल्याकडचे गॅस वेल्डिंगचे, पितळ ओतून भरलेले. बंगळूरकडे या कामाला ‘टिंकरिंग’ म्हणतात, आपण ‘डेंटिंग’.

नंबरच घासून काढला असेल तर? न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावरही इलाज आहे. पंच मारताना आकड्याच्या खालचा धातू दबतो, त्याची कणरचना बिघडते. वरचा आकडा कानशीनं गेला तरी खालची ती दबलेली जागा राहते. पृष्ठभाग आरशासारखा घासून त्यावर विशिष्ट आम्लमिश्रण फिरवलं की दबलेला धातू वेगळ्या वेगानं खाल्ला जातो आणि गेलेला आकडा काही वेळ धूसर दिसतो. फार खोल घासलं असेल तर मात्र काही नाही. चोरीच्या मोटारसायकलींसाठी वापरली जाणारी ही युक्ती लाखमोलाच्या गाडीलाही तशीच लागू पडते. धातूला किंमत कळत नाही.

पण नंबर सापडला म्हणजे गाडी सापडली का? बऱ्याच ब्रिटिश गाड्यांवर ओळखपट्टी म्हणजे स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बसवलेली पत्र्याची पाटी. स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतात. सडलेल्या गाडीची पाटी आणि कागद घेऊन त्यावर नवी गाडी ‘उभी’ करणं हा जगभर चालणारा धंदा आहे.

आपल्या घरांत याचा एक सोज्वळ अवतार आहे. आजीची पैठणी अंगावर विरली की काठ आणि पदर जपून उतरवतात आणि नव्या रेशमावर लावतात. सून ती नेसून ‘ही आजेसासूबाईंची’ असं सांगते, आणि कुणी तिला खोटं पाडत नाही. कारण काय बदललं ते सगळ्या घराला ठाऊक असतं. लबाडी सुरू होते ती बदल लपवल्यावर.

या प्रश्नावर एकदा लंडनच्या कोर्टात रीतसर खटला चालला. बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचं इंजिन घातलं आणि ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती कठड्यावरून गेली. चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली, बंद टपाची केली, आणि पुढेही बदलत राहिली. हबर्ड नावाच्या मालकानं ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरवलं, तेव्हा घेणारी कंपनी अडून बसली : ही ती गाडीच नव्हे. १९९०मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. १९२९ साली धावलेल्या गाडीचं यात जवळजवळ काही उरलेलं नाही हे त्यांनी मान्य केलं. पण ती कधी मोडून नाहीशी झाली आणि मागाहून कुणी नवी घडवली, असंही झालेलं नाही. तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही, म्हणून ओल्ड नंबर वन हीच. पैसे द्यावे लागले.

त्या निकालाचं मर्म आपल्याकडे कोल्हापूरकर न शिकता जाणतात. छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला मिरवणुकीत निघते आणि सगळं शहर ती बघतं. त्या गाडीची ओळख पटवायला कुणी लोहचुंबक घेऊन जाणार नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग हे दुसरं टोक : लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली, राजाच्या हौसेची, आणि आता दूरदेशी. अशा गाड्या जात राहिल्या म्हणून सरकारनं पुढे जुन्या मोटारी बाहेर नेण्यावर बंदी घातली. इंदूरचे रस्ते मात्र तिला विसरून गेले.

आणि आता आपला कायदा. जुलै २०२१मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्यांदाच ‘व्हिंटेज’ गाडीची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुन्हा ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. रोजच्या कामाला किंवा धंद्याला ती रस्त्यावर आणायची नाही. इथवर सगळं शहाणपणाचं. पण त्यातच एक अट आहे : गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारी मोठी दुरुस्ती तिच्यात झालेली नसावी.

ही अट ज्यानं लिहिली त्यानं शिवाजीनगरच्या गुजरीत एक सकाळ घालवायला हवी होती. आपल्याकडची जी जुनी स्पोर्ट्स कार आज चालू आहे, ती मोठ्या दुरुस्त्या झाल्या म्हणूनच चालू आहे. ज्यांच्यात काहीच केलं गेलं नाही, त्या कधीच वजनावर गेल्या. मग मालक काय करतो? दुरुस्ती पुसतो. पितळेचे टाके ग्राइंडरनं उडवतो, अँबॅसिडरचं इंजिन काढून परदेशातून ‘बरोबर’ इंजिन मागवतो, रंगाचे पाच थर खरवडून कारखान्याचा एकच फासतो. इंग्लंडातल्या कुठल्याही एमजीएसारखी आणखी एक एमजीए तयार होते, आणि साठ वर्षं ती इथे कुणी, कशी जगवली याचा पुरावा लोखंडाच्या चुऱ्यात जातो. माझ्या मते त्या पाटीपेक्षा तो पुरावा मोलाचा होता. निदान फोटो काढून ठेवावेत, निघालेला भाग चिठ्ठी लावून फळीवर ठेवावा, सीटखालचा वीतभर पत्रा जुन्या रंगाचा राहू द्यावा. काही कारागीर एवढं करतातही. मालकाला ते समजावण्यातच त्यांची निम्मी शक्ती जाते.

हा प्रश्न उद्याच्या जुन्या गाड्यांनाही चुकणार नाही. बंगळूरच्याच सॅन मोटर्सनं १९९८मध्ये स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी काढली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं १,१४९ सीसीचं, कारखाना गोव्यात वेर्ण्याला. फार थोड्या बनल्या. तेव्हाच्या मोटार मासिकांनी तिचं कौतुक केलं, थोडी थट्टाही केली, आणि गिऱ्हाईक मारुतीच्या रांगेत उभं राहिलं. तिच्या बॉडीला गंज चढणार नाही, चुंबक तिच्या अंगाला लागणारच नाही, आणि रेनोचं ते इंजिन बिघडलं तर आजही कुठला तरी मिस्त्री जे बसेल ते बसवेल. पन्नास वर्षांची अट ती २०४८च्या आधी पुरी करणार नाही. आज ज्यांच्याकडे स्टॉर्म आहे, त्यांनी गॅरेजच्या पावत्या फेकू नयेत; आणि बसवलेलं इंजिन कुठल्या गाडीतून काढलं, ते मिस्त्रीकडून त्याच पावतीच्या मागे लिहून घ्यावं.